चार पट्टे, दोन खुर्च्या

सप्टेंबर 2009 च्या अखेरीस एअर इंडियाचे जे वैमानिक एकाएकी आजारी पडले, ते युनियनचे नव्हते. ते एक्झिक्युटिव्ह पायलट होते, म्हणजे कंपनीच्या दफ्तरी मॅनेजमेंट. 26 तारखेला सुरू झालेली ही साथ 30 तारखेला ओसरली, कारण त्यांच्या प्रॉडक्टिव्हिटी लिंक्ड इन्सेंटिव्हमधली 50 टक्क्यांपर्यंतची कपात मागे घेण्यात आली. औषध लागू पडलं म्हणायचं.

ही घटना मला फार बोलकी वाटते. विमान कंपन्यांतल्या पगारकपातीवर लिहिताना ‘मॅनेजमेंट विरुद्ध वैमानिक’ असं चित्र रंगवायची सवय आहे. पण या दोघांच्या मधोमध एक जमात असते. चीफ पायलट, ट्रेनिंगचे प्रमुख, ऑपरेशन्सचे संचालक. खांद्यावर तेच चार सोनेरी पट्टे, महिन्याकाठी थोडी उड्डाणं आणि उरलेला वेळ मीटिंगा. दुसरीकडे लाइन पायलट. त्याचं आयुष्य रोस्टरवर चालतं. पगार कापायची वेळ आली की कपातीचं पत्र बहुधा पहिल्याच्या ऑफिसातून निघतं आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर येऊन पडतं.

पुढचा संवाद मी रचला आहे. त्यातली माणसं कुणी एक नव्हेत, म्हणून नावंही दिली नाहीत. एक जण एअर इंडियातून निवृत्त झालेला, बरीच वर्षं खुर्चीवर बसलेला. त्याला ‘चीफ’ म्हणू. दुसरी त्याच्याच हाताखाली सिम्युलेटरमध्ये घाम गाळून कमांडर झालेली. ती ‘लाइन’.

चीफ : आधी मला एक सांग. 25 मार्च 2020 ला देशांतर्गत उड्डाणं बंद झाली, ती 25 मेला सुरू झाली. दोन महिने विमानं पार्किंगमध्ये उभी. त्या काळात तुला दरमहा 70 तासांचा फ्लाइंग अलाउन्स द्यायचा, तो कशाचा? न उडवलेल्या विमानाचा?

लाइन : सर, मग तुमच्या ऑफिसातल्या खुर्च्याही रिकाम्याच होत्या की. त्यांचा पगार कुठे तासांवर मोजला?

चीफ : त्यांच्या पगारालाही कात्री लागलीच. मार्चमध्येच भत्त्यांत 10 टक्के.

लाइन : दहा टक्के कशाचे?

इथे जरा थांबू. माझ्या मते सगळं भांडण या प्रश्नातच आहे, आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यात तो कधीच मावला नाही. वैमानिकांच्या संघटनांनी तेव्हा जे मांडलं त्यानुसार एअर इंडियाच्या वैमानिकाच्या पगारात ठरलेला भाग सुमारे 30 टक्के, बाकीचे 70 टक्के उड्डाणाशी बांधलेले. म्हणजे बेसिक, महागाई भत्ता, घरभाडं हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला फ्लाइंग अलाउन्स, वाइड बॉडी अलाउन्स, लेओव्हर, जाऊन त्याच फेरीत परत यायचा क्विक रिटर्न अलाउन्स वगैरे. जुलै 2020 च्या आदेशानं बेसिक, महागाई भत्ता आणि घरभाड्याला हात लावला नाही. वैमानिकांचे भत्ते मात्र 40 टक्क्यांनी उतरवले आणि 70 तासांची हमी 20 तासांवर आणली. तीही 1 एप्रिलपासून, म्हणजे मागल्या तारखेनं.

समजा, हिशेब सोपा व्हावा म्हणून, महिना 6 लाखांची स्लिप घेऊ. 1 लाख 80 हजार ठरलेले, 4 लाख 20 हजार उड्डाणाचे. सत्तर तासांनी भागलं की तासाला 6,000. चाळीस टक्के कापले की 3,600. महिन्यात वीसच तास उड्डाण मिळालं तर हातात 72,000. सगळं मिळून 2 लाख 52 हजार. म्हणजे 58 टक्के गेले. आता तेवढ्याच पगाराचा ऑफिसातला माणूस घ्या, ज्याच्या स्लिपमध्ये भत्ते समजा 35 टक्के आहेत. त्याच्या भत्त्यांत 10 टक्के कपात म्हणजे 21,000. एकूण पगाराच्या साडेतीन टक्के. जुलैच्या आदेशात 40 आणि मार्चच्या आदेशात 10 असे आकडे दिसतात. घरी पोचेपर्यंत ते 58 आणि साडेतीन झालेले असतात.

चीफ : तू अर्धाच आदेश वाचतेस. जुलैमध्ये ऑफिसच्या लोकांचेही भत्ते 50 टक्क्यांपर्यंत उतरवले.

लाइन : पंचवीस हजारांच्या वर पगार असलेल्यांचे. माहीत आहे. म्हणून त्याच माणसाचा हिशेब पुन्हा करा. साडेसतरा टक्के होतात. अठ्ठावन्नला अजून बरीच मजल बाकी आहे.

चीफ : आणि त्याच आदेशात आणखी एक ओळ होती, ती तुम्ही लोक कधी सांगत नाही. एक्झिक्युटिव्ह फ्लाइंग अलाउन्स. तोही 40 टक्के कापला. म्हणजे आमचा. मॅनेजमेंट पायलट म्हणून आम्हाला काही वेगळं ताट नव्हतं वाढलं. तुम्ही ज्यांच्या नावानं खडे फोडता, ते 10 टक्केवाले लोक विमान उडवतच नव्हते.

लाइन : हेच तर माझं म्हणणं आहे, सर. कापायच्या वेळी तुम्ही पायलट होता. मग पत्रावर सही करायच्या वेळी मॅनेजमेंट कसे झालात?

चीफला या प्रश्नाचं उत्तर सुचायला वेळ लागला असता, असं मला वाटतं. पण त्याची बाजू पोकळ नाही. एअर इंडियात निर्णय कुठे होत होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. कंपनी सरकारी, पैसा तिजोरीचा. 2012 मध्ये केंद्रानं 30,231 कोटींची मदत दहा वर्षांत विभागून मंजूर केली, त्याच्या अटी मंत्रालयाच्या. 2008-09 या एका वर्षाचा तोटाच साडेपाच हजार कोटींच्या वर होता. चीफ पायलट हा अशा घरातला थोरला मुलगा, कारभार बापाचा आणि धाकट्यांच्या शिव्या याला.

चीफ : निर्णय दिल्लीत व्हायचा. आम्हाला नरिमन पॉइंटला बोलावून कागद दाखवायचे, आणि 2013 ला मुख्यालयच दिल्लीला गेल्यावर तेही नाही. मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? दुसरा कुणी तरी बसला असता. कदाचित असा, ज्याला महिन्यातून एकदा तरी कॉकपिटमध्ये बसायची पर्वा नसती.

लाइन : हे वाक्य मी प्रत्येक चीफ पायलटकडून ऐकलंय.

चीफ : कारण ते खरं आहे. रोस्टर कुणी तरी करणार. सिम्युलेटरच्या तपासण्या कुणी तरी घेणार. विमान वाहतुकीच्या नियामकासमोर, डीजीसीएसमोर, ऑपरेशन्सचा माणूस म्हणून कुणाला तरी उभं राहावं लागणार. ते काम विमान न उडवलेल्या एमबीएला द्यायचं का?

लाइन : नाही, तुम्हीच करा. पण जो माझं रोस्टर करतो, जो माझी चेकराइड घेतो, तोच माझ्या पगाराच्या वाटाघाटीत समोरच्या खुर्चीवर बसतो. मी युनियनच्या सभेत तोंड उघडलं आणि पुढच्या महिन्यात माझ्या वाट्याला सगळ्या पहाटेच्या फ्लाइट आल्या, तर योगायोग म्हणायचं?

चीफ : आरोप करतेस?

लाइन : भीती सांगतेय. आरोप करायला कागद लागतो. भीतीला नाही लागत.

वैमानिकाचा पगार मोजतात कसा, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. घड्याळ सुरू होतं ते विमान चॉक्सवरून हललं की, आणि थांबतं ते पुन्हा चॉक्सवर लागलं की. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. प्रवासी चढवून धुक्यामुळे दोन तास गेटवरच उभं राहिलं तर कॉकपिटमधली दोघं कामावर असतात, पण ब्लॉक टाइम शून्य. घरून निघणं, ब्रीफिंग, हवामानाचे कागद, विमानाभोवती टॉर्च घेऊन मारलेली फेरी, हेही त्यात नाही. नियम म्हणतो की वर्षात 1,000 तासांच्या वर उडवायचं नाही. कमाल सरकारनं ठरवली आहे. किमान ठरवायची पाळी कंपनीची, आणि 70, 20 आणि पुढे येणारे 40 तास, ही सगळी ओढाताण त्या किमान आकड्याची.

चीफ : आणि हे सगळं ऐकून बाहेरचा माणूस काय म्हणतो माहितीये? सामान चढवणारा लोडर महिन्याला मिळवतो त्याच्या कितीतरी पट यांना मिळतं, आणि रडतात हे. लॉकडाउनमध्ये लोकांच्या चुली विझल्या होत्या.

लाइन : खरं आहे. म्हणून मी कुणाकडे दया मागत नाही. पण सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, आणि टाइप रेटिंगसाठी बँकेचं कर्ज काढून आलेला फर्स्ट ऑफिसर आहे ना, त्याचा हप्ता ब्लॉक टाइमवर ठरत नाही. आणि मे 2020 पासून परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या ‘वंदे भारत’च्या उड्डाणांवर कोण जात होतं? पीपीई किट घालून कोण बसत होतं? फेब्रुवारीपासूनचा फ्लाइंग अलाउन्स थकलेला असताना?

चीफ : गेले ते सगळे अभिमानानं गेले. पगाराच्या भांडणात ते आणू नकोस.

लाइन : आणते, कारण तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या. सात ऑगस्टला कोळिकोडला एअर इंडिया एक्सप्रेसच्या ‘वंदे भारत’ विमानात कॅप्टन दीपक साठे गेले, त्यांचे फर्स्ट ऑफिसर गेले. नागपूर रडलं, मुंबई रडली.

चीफ : साठे यांचं नाव इथे नको. त्या अपघाताची कारणं वेगळी आहेत, चौकशीचा अहवाल आहे. मेलेल्या माणसाला वाटाघाटीत ओढायचं नाही.

लाइन : ...बरोबर आहे. नाही आणत.

चीफच्या तोंडी मी जे घातलं आहे त्यात मला पूर्ण पटलेली ही एक गोष्ट. दोन्ही बाजूंनी हुतात्म्यांचा वापर झाला, आणि दोन्ही बाजूंना तो शोभला नाही.

लाइन : मग दुसरं विचारते. जुलै 2020 मध्ये पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजेवर पाठवायची योजना आली. क्षमता, कामगिरी, तब्येत पाहून माणसं निवडायची होती. खातेप्रमुखांनी निवडायची. याद्या तुमच्याकडूनच मागवल्या ना? आणि ऑगस्टमध्ये चाळीसहून अधिक वैमानिक एका फटक्यात काढले. राजीनामा देऊन तो मागे घेतलेले लोक. जून 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, थकलेल्या पगारासकट परत घ्या म्हणाले. त्या दहा महिन्यांत तुमच्यातलं कुणी उघडपणे बोललं?

चीफ : आतल्या आत बोललो.

लाइन : 2009 ला तर उघडपणे बोलला होतात. कुठे होतात तुम्ही त्या पाच दिवसांत?

चीफ : रजेवर.

लाइन : आजारी?

चीफ : रजेवर म्हटलं ना. आणि हसू नकोस. आमच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. युनियनमध्ये आम्हाला प्रवेश नाही, संप करायचा अधिकार नाही. कंपनी आम्हाला ‘तुम्ही आमचे’ म्हणत होती, आणि पैसे कापताना विचारलंही नाही. दोन आठवडे आधी जेट एअरवेजच्या वैमानिकांनी हेच केलं होतं.

लाइन : म्हणजे खुर्ची मिळाली की आवाज जातो, हे तुम्हाला 2009 लाच कळलं होतं. मग 2023 मध्ये आम्हा सगळ्यांना ती खुर्ची का वाटली?

हे 2023 चं प्रकरण या सगळ्या इतिहासातलं मला सर्वांत धूर्त वाटतं. जानेवारी 2022 मध्ये कंपनी टाटांकडे परतली. एप्रिल 2023 मध्ये पगाराची नवी रचना आली. उड्डाणाची हमी कोविडपूर्वीच्या 70 ऐवजी 40 तासांची, आणि चार वर्षांहून जास्त काळ कमांडर असलेल्यांना ‘सीनियर कमांडर’ ही पदवी. या पदवीसोबत मॅनेजमेंट केडरमध्ये समावेश. आयसीपीए आणि इंडियन पायलट्स गिल्ड, म्हणजे जुन्या इंडियन एअरलाइन्स आणि जुन्या एअर इंडियाच्या संघटना, ज्यांचं एकमेकींशी 2007 च्या विलीनीकरणानंतर कधी फारसं जमलं नाही, त्या या वेळी एका सुरात बोलल्या. त्यांचं म्हणणं असं की अधिकार कसलाच न देता नुसतं मॅनेजमेंट म्हणवायचं, म्हणजे कामगार म्हणून असलेलं संरक्षण काढून घ्यायचं. दीड हजारांहून अधिक वैमानिकांनी रतन टाटांकडे अर्ज केला. पुढच्याच वर्षी विस्तारा या विमान कंपनीत, एअर इंडियातल्या विलीनीकरणाच्या तोंडावर, पुन्हा चाळीस तासांचाच करार पुढे आला. वैमानिक पुन्हा आजारी पडू लागले आणि एप्रिल 2024 मध्ये कंपनीला रोजची पंचवीस-तीस उड्डाणं कमी करावी लागली.

चीफ : सीनियर कमांडर ही बढती आहे. पैसे वाढतात त्यात.

लाइन : बढतीत माणसाला एखादा तरी निर्णय घ्यायला मिळतो, सर. मला कुठला मिळाला? रोस्टर माझ्या हातात नाही, भरती नाही, बजेट नाही. एक गोष्ट तेवढी गेली, सभेत हात वर करायची.

चीफ : तुझ्या सभांचं कौतुक मला सांगू नकोस. एप्रिल 2022 मध्ये इंडिगोच्या काही पोरांनी 121.5 वर पगारावरून शिव्या दिल्या. आणीबाणीची फ्रीक्वेन्सी! तिथे एखादं विमान खरोखर अडचणीत असतं तर?

लाइन : ते चूकच. लाज वाटावी असं. पण तिथलीच दुसरी बाजूही बघा. मार्च 2020 मध्ये इंडिगोनं कपात केली ती वरून. सीईओ रोनोजॉय दत्ता 25 टक्के, वरिष्ठ उपाध्यक्ष 20, कॉकपिट 15. जुलैमध्ये सीईओ 35, त्यांच्या खालचे 30, वैमानिक 28. शिव्या तिथेही बसल्याच, पण ‘साहेबांचं काय गेलं?’ हा प्रश्न विचारायला जागा उरली नाही.

चीफ : आणि तरीही शिव्या बसल्या. म्हणजे तुमचं समाधान वरून कापून होत नाही, आणि खालून कापूनही होत नाही.

लाइन : कारण 2022 मध्ये विमानं भरून जात होती आणि आमचा पगार 2020 मध्येच होता. कापताना एक मेल पुरतो. परत देताना हप्ते. आधी आठ टक्के, मग पुढचे आठ. आणि राग आला म्हणून मी सोडून जाऊ म्हटलं, तर कमांडरला एक वर्षाचा नोटिस पीरियड. कंपनीला एक दिवस, मला एक वर्ष.

चीफ : कमांडर एका दिवसात तयार होत नाही म्हणून तो नियम आहे.

लाइन : हेच पगार ठरवताना आठवावं.

चीफ इथे गप्प बसला असता का, सांगता येत नाही. बहुधा त्यानं अमेरिकेचं उदाहरण काढलं असतं, कारण तिथे हे भांडण आपल्या आधी होऊन गेलं. एप्रिल 2003 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं दिवाळखोरी टाळण्यासाठी कामगारांकडून वर्षाला 1.8 अब्ज डॉलरच्या सवलती मिळवल्या. त्यात वैमानिकांचा वाटा 66 कोटी डॉलरचा आणि पगार 23 टक्क्यांनी खाली. मतदान झालं, आणि मग उघड झालं की वरच्या अधिकाऱ्यांसाठी टिकून राहण्याचे बोनस आणि पेन्शनचा सुरक्षित ट्रस्ट आधीच ठरला होता. सीईओ डॉन कार्टी यांना त्याच महिन्यात पायउतार व्हावं लागलं. पण सवलती, थोडी डागडुजी करून, कायम राहिल्या. चीफनं हे सांगितलं असतं ते ‘बघ, शेवटी कपात होतेच’ म्हणून. लाइननं तेच सांगितलं असतं ते ‘बघा, कपातीहून जास्त लपवाछपवी झोंबते’ म्हणून.

माझा कल लाइनकडे आहे, हे एव्हाना लपलेलं नाही. पण तिच्या सगळ्या म्हणण्याकडे नाही. उड्डाणंच बंद असताना उड्डाणाचा पूर्ण भत्ता मागणं मला न्याय्य वाटत नाही, आणि चीफ पायलटला सरसकट दलाल ठरवणंही नाही. त्याच्या एक्झिक्युटिव्ह अलाउन्सलाही कात्री लागली होती, हे वैमानिकांच्या पत्रकांत शोधून सापडत नाही. माझा आक्षेप मोजपट्टीला आहे. एकाचं 10 टक्के भत्त्यावर, दुसऱ्याचं 40 टक्के भत्त्यावर आणि वर तासांची हमी कमी, आणि दोन्हींना ‘कपात’ हे एकच नाव. एकूण पगारावर मोजा, वरून खाली उतरत मोजा, आणि कंपनी कमावती होताच त्याच क्रमानं परत द्या. हे काही अवघड गणित नाही.

चीफ : उद्या तुलाच बेसची चीफ केलं तर?

लाइन : माझा पगार लाइनच्या हमीच्या तासांना बांधा. त्यांचे 20 झाले की माझेही त्याच प्रमाणात उतरतील, त्यांचे 70 झाले की माझेही चढतील. मग घेते खुर्ची.

चीफ : अशी खुर्ची कुणी देत नाही.

लाइन : विचारून तर बघा. तुमच्या ओळखी आहेत अजून तिथे.

चीफ : विचारीन. पण तू लेखी दे, तोंडी मी काही नेणार नाही. आणि सीनियर कमांडरच्या पत्राआधीचं तुझं जुनं अपॉइंटमेंट लेटर आहे ना जवळ? तेही जोड.